बॅटरीबाई आणि आमची खालची गल्ली

बॅटरीबाईंना माणसांचे चेहरे लक्षात राहत नसत. तोंडं राहत, म्हणजे तोंडाच्या आतलं. बाजारात समोर उभं राहून हसलं तरी त्या परक्या माणसाकडं बघावं तसं बघायच्या. मग समोरची काहीतरी बोलली, तोंड जरा उघडलं, की ओळख पटायची. "अगं, तू व्हय. मागची दाढ अर्धी तुटलेली. दुखती का अजून?" लग्नाला आलेल्या पोरी त्यांना लांबून बघूनच वाट बदलायच्या. भाजीच्या ढिगापुढं चार माणसांत आपल्या दाढेची चौकशी कुणाला आवडेल?

त्यांचं खरं नाव गल्लीत कुणी घेतलं नाही. अठ्ठ्याहत्तर साल असावं. मी चौदा वर्षांची होते. निपाणीत एक जीप आली, तिच्यातून एक मोठे डॉक्टर उतरले आणि त्यांच्यामागून या बाई. तिशीच्या आसपासच्या, काटक, पांढरं पातळ, खांद्याला पिशवी आणि हातात हातभर लांबीची चकचकीत बॅटरी. डॉक्टर त्याच दिवशी गेले, बाई राहिल्या. बारा ते अठरा वर्षांच्या मुलींची तोंडं तपासून कागदावर लिहायची, हे त्यांचं काम. तंबाखूच्या गावात मुलींच्या तोंडाला लहानपणापासून काय होतं, हे कुठल्यातरी मोठ्या दवाखान्याला बघायचं होतं. आम्हाला एवढंच कळलं की बाई येते, आ करायला लावते, बॅटरी मारते आणि जाते.

गल्लीत पाय ठेवला की नवं माणूस शिंकायचं. प्रत्येक घरात सूप, सुपात तंबाखू, टेंभुर्णीची पानं आणि दोरा. बायका आणि मुली दिवसभर मांडी घालून बिड्या वळायच्या. ज्यांची घरं जरा नडलेली, त्या तंबाखूच्या वखारीत चाळणीवर जायच्या. आम्हाला तो वास येतच नव्हता. बाई पहिल्या आठवड्यात एवढ्या शिंकल्या की पोरांना त्यांची वर्दी आधीच लागायची. दुसऱ्या आठवड्यात शिंका थांबल्या. तेव्हा त्या स्वतःशीच म्हणाल्या, "हे काय चांगलं लक्षण न्हवं."

त्या कधी बसत नसत. "टेका की बाई जरा," असं कुणी म्हटलं की म्हणायच्या, "मी बसले की माझं काम बसतं." चहा उभ्यानं, तोही या पायावरून त्या पायावर होत. बोलताना बॅटरी मांडीवर आपटत राहायच्या. कानडी घरात शिरल्या की "बाय तेगी" म्हणायच्या, म्हणजे तोंड उघड. मग गल्लीभर पोरं त्यांच्यामागून "बाय तेगी, बाय तेगी" करत पळायची. त्या एकदम मागं वळून एखाद्याच्या उघड्या तोंडात बॅटरी मारायच्या. "दोन दात किडलेत तुझे. आईला सांग, गुळाचा डबा वर ठेव म्हणावं." पोरगं तोंड मिटून पसार.

पहिल्याच दिवशी शेजारच्या म्हातारीनं त्यांना उंबऱ्यावर अडवलं. "तुमी कुणाच्यातल्या?"

"आमच्या घरात बुद्धाची तसबीर हाय, आजी. चालत असंल तर बघते, नसंल तर पुढच्या घरी जाते."

माझी आई दारातून मला म्हणाली, "जा, दाखव. आन् मग चूळ भर." हे बाईंना ऐकू गेलं. मला मेल्याहून मेल्यासारखं झालं. बाई म्हणाल्या, "भरू दे की. चूळ भरलेली चांगलीच." आणि जरा थांबून, ऐकू येईल न येईल असं, "मशेरीपेक्षा तर लईच चांगली."

मशेरीबद्दल सांगायला हवं. तंबाखू तव्यावर काळी ठिक्कर होईतोवर भाजायची, चुरायची आणि सकाळ-संध्याकाळ बोटानं दातांना लावायची. आमच्याकडं दात घासायचे म्हणजे हेच. मुलगी सुपाला बसली, की आई तिला तिची स्वतःची मशेरीची डबी द्यायची. चौथी पास झाले त्या उन्हाळ्यात माझी शाळा सुटली आणि मी सुपाला बसले. तेव्हाच मला डबी मिळाली. पितळेची, झाकणावर मोर. मला ती शाळेच्या पाटीपेक्षा आवडली होती, खोटं कशाला सांगू.

मी बोलत नसे. आजही फारसं बोलत नाही. चार बायकांपुढं तोंड उघडून दाखवायचं म्हणजे माझ्या अंगावर काटा. मी ओठ घट्ट मिटून उभी राहिले तेव्हा आई खेकसली. बाईंनी तिला हातानंच थांबवलं. मला भिंतीकडं तोंड करून उभं केलं आणि स्वतः माझ्या आणि गल्लीच्या मधे आल्या. "आता भिंतीशिवाय कोण न्हाय. आ कर. तुझं तोंड मी काय घरी न्हेत न्हाय." मी आ केला. बॅटरीचा झोत डाव्या गालात गेला तो तिथंच राहिला. मग बाईंनी कागदावर काहीतरी लिहिलं, माझ्या डोक्यावर हात ठेवला आणि झपझप पुढच्या घरी गेल्या.

पंधरा दिवसांनी बाजारात त्या मला भेटल्या. मी वाट बदलायच्या आत समोरच आल्या. ओळख लागेना. मी कशीबशी म्हणाले, "बाई, मी खालच्या गल्लीतली." तेवढ्यानं त्यांना दिसायचं ते दिसलं. "हां, तू. समोरचा दात वाकडा, आन् डाव्या गालात..." तिथं त्या थांबल्या. हातातली मेथीची जुडी त्यांनी खाली ठेवली, परत उचलली. "चल, मला उशीर झाला," म्हणाल्या आणि मेथी तशीच टाकून गेल्या.

डाव्या गालात काय? घरी येऊन मी आरशाचा तुकडा घेतला आणि मोरीत उभी राहून गाल ताणून पाहिला. आत, जिथं मी मशेरी लावून थोडी धरून ठेवत असे, तिथं एक पांढरा पट्टा होता. पेजेवर साय धरावी तसा. बोटानं पुसला, निघाला नाही. दुखत नव्हता, पण आता तो मला कळला होता. बिडी वळताना जीभ तिथं जायची. जेवताना, पाणी भरताना, कुणी हाक मारली तरी जीभ आधी तिथं जायची आणि मग मी वळायचे. कुणाला विचारू? आईला सांगितलं तर ती म्हणणार, लग्न कसं व्हायचं. बाईंना विचारायचं तर धीर नाही. दिवसातून दहादा आरसा काढायचा आणि कुणी आलं की पदराखाली लपवायचा, असं चाललं.

शेजारची सुशी माझी मैत्रीण. माझ्याहून वर्षानं मोठी, आणि माझ्या वाटणीचंही तीच बोलायची. तिची मावशी वरच्या गल्लीत राहायची. एक दिवस सुशी तिथून तणतणत आली आणि सूप माझ्याशेजारी आदळून बसली.

"तुला ठावं हाय का? बॅटरीबाई वरच्या गल्लीत पोरींना गोळा करून चित्रं दावती. मशेरी सोडा म्हणती. मिठानं घासा, कडुलिंबाच्या काडीनं घासा. दर म्हयन्याला जाती."

"मग आपल्याकडं का न्हाय?" मी विचारलं.

"आपून काय माणसं न्हाय. आपल्याकडं नुसतं आ करा आन् गप बसा."

मला हसू आलं नाही. माझी जीभ गालात गेली होती. वरच्या गल्लीला सांगतात आणि आम्हाला नाही. म्हणजे आमचं सांगण्यापलीकडं गेलंय का? चौदाव्या वर्षी माणूस कुठवर विचार करतं. माझा विचार वखारीच्या मागच्या मसणवटीपर्यंत जाऊन आला.

सहा महिन्यांनी दुसऱ्या तपासणीचा निरोप आला. उद्या बाई येणार. आमच्या गल्लीची एक सवय होती, पाहुणा येणार म्हटलं की सारवायचं, आणि मुलीला बघायला येणार म्हटलं की तिला घासूनपुसून ठेवायचं. तोंड बघायला येणार म्हटल्यावर काय करायचं हे कुणाला शिकवावं लागलं नाही. आदल्या दिवशी घरोघरी तवे चढले. ताज्या मशेरीच्या धुरानं गल्ली भरली. आई म्हणाली, "नीट घास. गेल्या टायमाला तुझे दात पिवळे दिसत हुते. काय म्हणंल ती बाई, ह्या पोरी दातसुद्धा घासत न्हाईत." सकाळी तिनं समोर उभं राहून मला दोनदा घासायला लावलं. सगळ्याच मुलींनी घासलं. बाईंचा मान म्हणून.

बाई आल्या. पहिल्या घरात आ, दुसऱ्या घरात आ. तिसरं घर सुशीचं. तिथं त्या बॅटरी तशीच धरून थांबल्या. "आज काय सण हाय का गं? सगळ्यांच्या हिरड्या काळ्या कशा?"

सुशी कौतुकानं म्हणाली, "तुमी येणार म्हणून दोन-दोन डाव घासलंय, बाई. नवी मशेरी. आता बघा."

बाईंनी बघितलं नाही. त्या गल्लीकडं बघत राहिल्या. दारादारात मुली ओठ मिटून, तोंडं जपून उभ्या होत्या. दिवसाउजेडी बॅटरी पेटलेलीच होती, ती बंद करायचंही त्यांना सुचलं नाही. मग एकेक घर त्यांनी भराभर उरकलं. माझ्या तोंडात त्यांनी क्षणभरच पाहिलं, आणि या खेपेला डोक्यावर हात न ठेवता गेल्या.

दुसऱ्या दिवशी दुपारी मी एकटीच बिड्या वळत होते. आई वखारीत गेली होती. दारात सावली पडली. बॅटरी नव्हती, पिशवी नव्हती. बाई आत आल्या आणि माझ्या सुपासमोर खाली बसल्या. त्यांना बसलेलं बघूनच मला भीती वाटली.

"आरशात बघितलंस न्हवं?"

मी मान हलवली.

"कवापास्नं?"

"त्या बाजारापास्नं."

"आन् कुणाला सांगितलं न्हाईस. का गं?"

"तुमी बी न्हाई सांगितलं," मी म्हणाले. हे माझ्या तोंडून कसं निघालं, मला आजही कळत नाही.

बाईंनी सुपातलं एक पान उचललं, त्याच्या शिरेवरून बोट फिरवलं, ठेवलं, दुसरं उचललं. मग त्यांनी सांगितलं. तो डाग मशेरीचा. तो कॅन्सर नव्हे, पण मशेरी चालू राहिली तर काही जणींचा तिकडं जातो. सोडली तर बहुतेक वेळा फिका होतो, जातो. "काहीच झालं न्हाय तुला अजून. अजून म्हणते मी. चोवीस वर्सांची एक बाई मी बघितलीया, तिला भाताचा घास तोंडात ठेवता येत न्हवता. तिनंबी तुझ्यासारखीच सुरवात केल्ती."

"मग वरच्या गल्लीला सांगता, आमाला का न्हाय?"

"तसंच काम लावून दिलंय. वरच्या गल्लीत सांगायचं, खालच्या गल्लीत नुसतं बघायचं. पाच वर्सांनी दोनी गल्ल्यांची तोंडं बघायची. सांगून फरक पडतो का, ते कागदावर दिसलं तरच मोठे लोक पैसा देतील, गावोगाव सांगायला माणसं नेमतील. जखम दिसली तर दवाखान्यात धाडायचं, ते दोनीकडं हाय. पण पांढरा डाग असला तर लिहायचं आन् पुढच्या टायमाला परत बघायचं."

"आन् तवर आमी?"

बाई उठल्या, परत बसल्या. "तेच तर. मला वाटायचं, मी सांगत न्हाय, पर वाईट बी करत न्हाय. काल बघितलंस न्हवं? मी येणार म्हणून तुमी दुप्पट घासता. म्हंजी माझ्या येण्यानंच वाढतंय."

मग त्यांनी मला शपथ घालायच्या आवाजात सांगितलं, की हे त्यांनी सांगितलं असं कुठं बोलायचं नाही. बोललं गेलं तर त्यांची नोकरी जाईल. बेळगावात आई आहे, तिला आता दिसत नाही. धाकटा भाऊ कॉलेजात आहे, घरात कमावणाऱ्या त्या एकट्याच. मी विचारलं, "सुशीच्या तोंडात काय हाय?"

"दुसऱ्याच्या तोंडातलं तुला सांगता येत न्हाय."

"मग मलाच का सांगितलं?"

"तू बोलत न्हाईस म्हणून," बाई म्हणाल्या आणि निघून गेल्या.

मी मशेरी सोडली. आईसमोर डबी उघडायची, बोट बुडवायचं, मोरीत जाऊन धुऊन टाकायचं आणि चुलीतला कोळसा कुटून दातांना लावायचा, म्हणजे काळं दिसावं. पहिले आठ दिवस डोकं ठणकत होतं, हात थरथरत होते. बिड्या सैल वळल्या जात आणि कारखान्याचा माणूस त्या बाजूला काढून टाकी. आई म्हणे, हिला वारं लागलंय. पण त्याहून वाईट दुसरंच होतं. सुशी रोज सकाळी माझ्या शेजारी बसून आरामात मशेरी लावायची, बोट गालात फिरवता फिरवता गप्पा मारायची, आणि मी तिच्या गालाकडं बघत बसायचे. बोलले तर बाईंचं घर बसतं. नाही बोलले तर सुशी. मी सूप उचलून आत जायचे, परत बाहेर यायचे, पाणी प्यायचे, पुन्हा जायचे. सुशी म्हणायची, "तुला बूड न्हाय का गं, त्या बॅटरीबाईगत?"

असा महिना गेला. एका सकाळी तिनं डबी माझ्यापुढं केली, "घे, माझी लई झाक भाजलीया," आणि माझा धीर सुटला. मी सगळं सांगितलं. बाईंचं नाव घेऊ नको म्हणूनही सांगितलं.

सुशीनं डबीचं झाकण हळूच लावलं. "आन् तू म्हयनाभर गप बसलीस? माझ्या शेजारी बसून?"

दोन दिवस ती माझ्याशी बोलली नाही. तिसऱ्या दिवशी नळावर तिनं साऱ्या पोरींना सांगितलं. माझं नाव घेतलं नाही, एवढी मैत्री राखली. पण नुसत्या सुशीचं कोण ऐकणार? "बाईंनी सांगितलंय" म्हटल्यावर ऐकलं. निम्म्या पोरींनी मशेरी टाकली. काहींच्या आयांनी मारलं, काहींच्या आया स्वतः मीठ आणून बसल्या. माझ्या आईनं मला काही विचारलं नाही. फक्त मशेरी भाजताना माझा वाटा घालेनाशी झाली.

बाई त्या दिवसांत खेडेगावांत फिरत होत्या, महिन्यातून एकदा वरच्या गल्लीपुरत्या येऊन जायच्या, त्यांना यातलं काही माहीत नव्हतं. तिसऱ्या तपासणीला आल्या त्या डॉक्टरांना घेऊनच. डॉक्टर सभ्य माणूस. दारात चपला काढायचे, मुलींना अहो-जाहो करायचे. बाईंनी बॅटरी धरली, डॉक्टर वाकून बघू लागले. पहिलं तोंड स्वच्छ, दुसरं स्वच्छ. बाईंनी बॅटरी या हातातून त्या हातात घेतली, ते मला आमच्या दारातून दिसलं. सुशीची पाळी आली. तिनं आ करायच्या आधी दोन्ही हातांची बोटं पुढं केली.

"बघा बाई, बोटसुदिक काळं न्हाय. तुमी सांगितल्यापास्नं शिवलेली न्हाय मशेरी."

तिला शाबासकी हवी होती. बाकीच्या पोरीही पुढं सरकल्या, मी बी सोडली, मी बी. बाई शाबास म्हणाल्या नाहीत. डॉक्टरांनी चष्मा काढला. "बाईंनी सांगितलं? कधी? कुणाला सांगितलं त्यांनी?"

पुढं आलेल्या पोरी मागं सरकल्या. आता सगळ्यांना कळलं की काहीतरी चुकलं. मी दाराच्या चौकटीला धरून उभी होते. मला एवढंच म्हणायचं होतं, की सुशीची मावशी वरच्या गल्लीत राहते, तिच्याकडून आम्हाला कळलं. ते पुरतं खोटंही नव्हतं. वाक्य माझ्या जिभेवर तयार होतं. डॉक्टरांची नजर माझ्यापर्यंत आली, थांबली, आणि मी मान खाली घातली.

"मीच सांगितलं, सर," बाई म्हणाल्या.

जीप आमच्या घराला लागूनच उभी होती, म्हणून पुढचं मला ऐकू आलं. डॉक्टर आवाज चढवून बोलले नाहीत. "या एका गल्लीसाठी तुम्ही बाकीच्या सगळ्या गावांचं नुकसान केलंत, बाई. आता आपल्याला सिद्ध काय करता येणार?"

"खरं आहे, सर. पण ती गावं मला दिसत नाहीत. या मुली दिसतात."

"म्हणूनच नियम असतात," डॉक्टर म्हणाले. थकल्यासारखे म्हणाले. कोण बरोबर, यावर मी पुष्कळ विचार केला आहे आणि दर वेळी निराळ्या ठिकाणी येऊन थांबले आहे.

आठ दिवसांनी बाई स्टँडकडं जाता जाता गल्लीत आल्या. हातात पत्र्याची ट्रंक, बॅटरी जमा करून आलेल्या. गल्लीत कुणाशी थांबल्या नाहीत, सरळ आमच्या दारात आल्या. मी म्हणाले, "बाई, मीच सुशीला सांगितलं."

"ठावं हाय मला. तुझ्याशिवाय दुसरं कोण."

"तुमाला राग आला?"

"आला की. तुझा आला, तिचा आला, माझा आला. दोन दिस अन्न गोड लागलं न्हाय." त्यांनी ट्रंक खाली ठेवली, या हाताची बोटं त्या हातानं मोडली. "एक सांगते. म्हयनाभर थांबलीस, तेवढं चुकलं. मी तर सहा म्हयने थांबले, माझं त्याहून चुकलं. परत कुणाला काय सांगायची वेळ आली तर एवढं थांबू नको."

मग त्यांनी मला उन्हाकडं तोंड करून उभं केलं आणि गाल ताणून पाहिला. "फिका झालाय. अजून हाय, पर फिका झालाय. तू बघत जा. आधी दोनी गाल, मग व्हट उलटून, मग जीभ वर. जिभेखाली बघायचं इसरू नको, सगळी तितंच इसरत्यात." आई मागं उभी होती. ती आत गेली आणि चहा घेऊन आली, आणि कप बाईंच्या हातात देताना तिनं दोन्ही हातांनी दिला. बाईंनी तो उभ्यानंच घेतला. गाडी चुकेल म्हणून अर्धा तसाच ठेवून गेल्या.

त्यानंतर मी त्यांना पाहिलं नाही. कुणी म्हणे नंदगडकडं दवाखान्यात लागल्या, कुणी म्हणे शिकवण्या घेतात. मी लग्न होऊन उचगावला आले, तिथं बेळगावला जाणाऱ्या प्रत्येक गाडीत मी वर्षभर त्यांना शोधलं. दिसल्या असत्या तरी मला ओळखणं त्यांना जमलं नसतं, हे कळत असून शोधलं.

पण लग्नाआधीची एक गोष्ट राहिली. बाई गेल्यावर सहा महिन्यांनी नवी बाई आली. तीही हातात बॅटरी घेऊन. आम्ही मुली दारात उभ्या राहिलो. यावेळी मिठानं घासून. ती आमच्या गल्लीच्या तोंडाशी आली, कागद बघितला आणि वरच्या गल्लीकडं वळली.

सुशीनं हाक मारली, "ओ बाई, आमची न्हाय का बघायची?"

"तुमची गल्ली यादीत नाही आता," ती म्हणाली. "काढून टाकली."

जिथं मशेरी सुटली, तीच गल्ली त्यांच्या कागदावरून गेली. कुणाचा डाग गेला, कुणाचा राहिला, हे आता कुणी बघणार नव्हतं. मुली थोडा वेळ उभ्या राहिल्या आणि एकेक करून सुपाला जाऊन बसल्या. मी बसले नाही. मला बसवेना. आत गेले, बाहेर आले, पुन्हा आत गेले. माझा डाग गेला होता, ते मी रोज बघत होते. सुशीनं आपल्या तोंडात कधी बघितलंच नव्हतं. तिला आरशाची भीती वाटायची.

मी तिच्यापुढं जाऊन उभी राहिले. "ऊठ," म्हटलं. "उन्हाकडं तोंड कर. आ कर."

"तू?" सुशी हसली. "तू बघणार?"

"आ कर म्हटलं न्हवं."

गल्लीतल्या पोरी बघत होत्या. म्हातारी उंबऱ्यावरून बघत होती. माझे कान तापले होते, पण मी हात मागं घेतला नाही. उजवा गाल स्वच्छ. डावा स्वच्छ. ओठ उलटून पाहिले, काही नाही. सुशी तोंड मिटायला लागली. मी म्हणाले, "थांब. जीभ वर कर."

जिभेखाली, डाव्या अंगाला, ज्वारीच्या दाण्याएवढी लाल खरखरीत जागा होती. बोट लागताच सुशी कळवळली.

"कसं हाय?" तिनं विचारलं. तिचा आवाज मी कधी एवढा लहान ऐकला नव्हता. "चांगलं हाय न्हवं?"

मला व्हय म्हणता आलं असतं. बघू पुढच्या वेळी, असंही म्हणता आलं असतं. मी तिचा हात धरला आणि जे दिसलं ते सगळं तिला सांगितलं, मग तिच्या आईला सांगितलं, आणि दुसऱ्या दिवशी सकाळी त्या दोघींच्या बरोबर दवाखान्यासाठी बेळगावच्या गाडीत बसले.